अमेरिकेत नवीन नोकरी, ४०१(के), म्हणजे कंपनीमार्फतचं निवृत्तीचं खातं, आहेच. मग आयआरए, म्हणजे आपण स्वतः उघडायचं निवृत्तीचं खातं, कशाला? आणि उघडायचंच तर ट्रॅडिशनल की रॉथ?

आधी मी जिथे आपटलो ते सांगतो. आयआरए ही गुंतवणूक नाही, तो नुसता डबा आहे. पहिल्या वर्षी मी पैसे भरले आणि सुटलो एकदाचा म्हणून विसरून गेलो. दोन वर्षांनी बघतो तर सगळी रक्कम रोखीतच पडलेली. खात्यात पैसे आले की त्यातून इंडेक्स फंड (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा फंड) वगैरे आपणच विकत घ्यायचे असतात, हे कोणी सांगितलं नव्हतं. (खरं म्हणजे आलेली ईमेल मीच वाचली नव्हती.)

आता कराचं. ट्रॅडिशनलमध्ये भरलेली रक्कम यंदाच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते आणि काढताना कर लागतो. रॉथमध्ये कर भरून उरलेला पैसा टाकायचा, म्हातारपणी वाढीसकट करमुक्त काढायचा. रॉथ हे कशाचं लघुरूप नाही बरं का. १९९७च्या कायद्यातून हे खातं आलं, त्यामागच्या सिनेटर विल्यम रॉथ यांचं ते आडनाव.

"वाढीवर कर नाही, म्हणजे रॉथच भारी" असं ऑफिसात जो तो सांगेल. जरा हिशेब मांडून बघा. १,००० डॉलर, कर २२ टक्के, पैसे दुप्पट झाले असं धरू. ट्रॅडिशनलमध्ये २,००० होतात, ४४० कर जातो, हातात १,५६०. रॉथमध्ये २२० आधीच गेले, उरलेल्या ७८०चे झाले १,५६०. एका डॉलरचाही फरक नाही! तेव्हा बघायचं एवढंच, की तुमचा कराचा दर आज जास्त आहे की निवृत्तीनंतर असेल. तुमचा पगार अजून चढायचाय, म्हणजे आजचा दर कमी, म्हणून तुमच्या जागी मी रॉथ घेतलं असतं.

शिवाय तुम्हाला ४०१(के) आहे, तिथे एक मेख आहे. २०२५ साली एकट्या व्यक्तीचं उत्पन्न ७९,००० डॉलरच्या वर गेलं की ट्रॅडिशनलची वजावट घटत जायची आणि ८९,०००ला संपायची. रॉथचं दार मात्र त्या वर्षी १,५०,०००पर्यंत पूर्ण उघडं असायचं, १,६५,०००ला बंद व्हायचं. ट्रॅडिशनल आणि रॉथ मिळून भरायची २०२५ची मर्यादा ७,००० डॉलर होती, पन्नाशी गाठलेल्यांना ८,०००. जास्त भरलंत तर ती जादा रक्कम काढेपर्यंत दरवर्षी तिच्यावर ६ टक्के दंड.

अडीनडीला रॉथमध्ये स्वतः भरलेली मुद्दल कधीही, कर-दंडाशिवाय काढता येते. वाढीला मात्र वयाची साडेएकोणसाठ आणि खात्याची पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत हात लावू नका. ट्रॅडिशनलमधून साडेएकोणसाठच्या आधी काढलंत तर कर भराच, वर काही अपवाद सोडून १० टक्के दंड.

आणि कंपनी ४०१(के)त मॅच (तुम्ही भरता त्याला जोडून कंपनीनं घातलेली रक्कम) देत असेल तर आधी तो पुरता पदरात पाडून घ्या. आयआरए त्यानंतर.