'डेथ ऑफ अ सेल्समन'मध्ये सेल्समन विलीला नोकरीची गरज होती, मग शेजारी चार्ली देऊ करतो ती नोकरी तो का नाकारतो?

कारण ती घेणं म्हणजे सेल्समन म्हणून आपण हरलो हे मान्य करणं. आर्थर मिलरच्या या 1949 च्या नाटकात विली आधी मालक हॉवर्डकडे जातो. फिरती नको, न्यूयॉर्कमध्येच काम द्या, म्हणतो. आठवड्याला 65 डॉलर मागतो, मग 50, मग 40. हॉवर्ड मात्र नव्या रेकॉर्डरवर आपल्या पोरांचे आवाज ऐकवण्यात दंग! ज्याच्या बारशाच्या वेळी विलीचं मत विचारलं होतं, तोच त्याला घरी बसवतो.

चार्ली 50 डॉलरची नोकरी देऊ करतो, ती विलीला नको. पण त्याच चार्लीकडून उसने घेतलेले पैसे तो बायकोला पगार म्हणून देत आलाय. लिंडाला हे ठाऊक आहे. ती त्याच्यासमोर अवाक्षर काढत नाही. मला तर हे बाप-लेकाच्या भांडणांपेक्षा जास्त लागतं.

विलीचं मुलांशी बिनसतं, त्यातही हा सेल्समनपणाचा हट्ट आहेच. 'लोकांना आवडलात की झालं' हा विक्रेत्याचा मंत्र त्याने थोरल्या मुलाला, बिफला पाजला. बिफला मोकळ्या रानात हातांनी राबायचं असतं, बापाला ते अपयश वाटतं. गंमत म्हणजे विलीचे स्वतःचे हातही सिमेंटकामात, घराच्या डागडुजीतच रमायचे. त्याच्या बॅगेत नेमका कुठला माल असतो, ते मिलर शेवटपर्यंत सांगत नाही.