फिश टँकसाठी थर्माकोलचं बॅकग्राउंड घरी बनवता येतं का, की दुकानातलं पोस्टरच बरं?

बनवता येतं. आमच्या डोंबिवलीच्या घरी हॉलमध्ये तसं बॅकग्राउंड २०१९ पासून पाण्यात आहे आणि मासे मजेत आहेत.

तुम्ही लिहिलंय की टँक तीन फुटी आहे, आत निऑन टेट्रा आणि दोन एंजल आहेत, आणि दुकानदार म्हणाला की थर्माकोल विषारी असतो, मासे मरतील, गपचूप पोस्टर लावा. हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो, कारण नेमकं हेच वाक्य मी इतकी वर्षं आमच्या घरच्या प्रत्येक कार्यात ऐकत आलोय. थर्माकोल पाण्यात विष सोडत नाही. मासे मरतात ते वरून लावलेल्या सिमेंटच्या चुन्याने आणि आपल्या घाईने. दुकानदाराला पोस्टर विकायचंय, ते तो विकणारच.

आमच्याकडे हे सुरू कसं झालं ते सांगतो. बाबा दरवर्षी गणपतीचं मखर थर्माकोलचं करायचे, सगळं हाताने, खांब, कमानी, वेलबुट्टी. २०१८ च्या मार्चमध्ये प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली आणि माळ्यावर जपून ठेवलेली जाड शीटं तशीच पडून राहिली. मखर आता कापडाचं करायचं ठरलं, पण बाबांना ती शीटं टाकवेनात. त्याच वर्षी मी तीन फुटी टँक घेतला होता, लांबी तीन फूट, उंची दीड फूट, मागे दुकानातलं निळं पोस्टर, समुद्राचं, त्यावर पोवळी आणि डॉल्फिन. आत गोड्या पाण्यातले मासे आणि मागे समुद्र! बाबा एकदा म्हणाले, यापेक्षा आपल्या विहिरीची भिंत कर की. आमचं गाव लांज्याकडे, तिथे परड्यात चिऱ्यांची विहीर आहे, जांभ्याची. मला कल्पना इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी शीटं खाली काढली.

जांभा कोणी जवळून बघितला असेल त्याला माहीत आहे, तो सपाट कधी नसतो, वारूळ फोडल्यासारखा भोकाभोकांचा असतो. सुरीने कोरून ती भोकं होईनात, कितीही केलं तरी कोरलेली वाटायची. मग बायकोच्या नेलपॉलिश रिमूव्हरचा एक थेंब चुकून शीटवर पडला आणि चर्र करून थर्माकोल आत बसला, कडा गोल, आत वाकडी पोकळी, अस्सल जांभ्याचं भोक. त्यातलं अॅसिटोन थर्माकोल खातं. मग मी ड्रॉपरने थेंब थेंब टाकत तीन संध्याकाळी बसलो, गॅलरीत, खिडक्या उघड्या ठेवून (तो वास डोक्यात जातो, लहान मुलं जवळ नकोत), आणि बाबा शेजारी बसून सांगायचे, इथे एवढी नको, खालच्या थरात चिरे झिजलेले आहेत, तिथे जास्त टाक. भिंतीत एक दिवळी होती, आजी तिथे दिवा ठेवायची, तीसुद्धा कोरली. नंतर दोन दिवस शीटं वाऱ्यावर ठेवली, वास पूर्ण गेल्यावरच पुढचं काम.

आता इथे माझा आतेभाऊ येतो. माझ्यापेक्षा मोठा, मी दादा म्हणतो, बांधकामाची कंत्राटं घेतो आणि सिमेंटचं घरात त्याचंच ऐकलं जातं. मी त्याला विचारूनच सगळं केलं, हे मुद्दाम लिहितो. त्याने सांगितलं आधी बाहेरच सिमेंट लावून घे सगळीकडून, मग आत ठेव, चिकटवायला चार ठिपके सिलिकॉन पुरे, सिमेंटच्या वजनाने आपोआप बसेल. मी तसं केलं. दुपारी पाणी भरलं, संध्याकाळपर्यंत ठीक, रात्री अडीचला धाडकन आवाज. भिंत सुटून वर आली होती आणि टँकवरचं झाकण लाइटसकट एका बाजूने उचललं गेलं होतं. मासे अजून आत सोडले नव्हते म्हणून वाचले.

नंतर हिशोब केला तो तुम्हीही करा. ९० सेंटीमीटर बाय ४५ आणि सरासरी जाडी ५ सेंटीमीटर धरली तर २० लिटर होतात. म्हणजे पाणी त्या भिंतीला जवळजवळ २० किलोच्या जोराने वर ढकलतं, आणि थर्माकोलचं स्वतःचं वजन असतं ३००-४०० ग्रॅम. सिमेंटचा २-३ मिलिमीटर लेप म्हणजे एका बाजूला फार तर अडीच किलो, सगळीकडून धरला तरी पाच-सहा, आणि पाण्यात त्याचंही वजन निम्म्याने कमी होतं. वजनाने बसेल हे बोलणं या हिशोबात कुठेच बसत नाही. त्यात सिलिकॉन सिमेंटवर धड धरत नाही. टँकला वापरतात ते व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन, त्यातून सुकताना आम्ल निघतं, सिमेंट अल्कधर्मी, दोघांचं पटत नाही, पापुद्रा सुटतो. काच आणि उघडा थर्माकोल मात्र ते घट्ट धरतं. म्हणून आधी चिकटवा आणि मग लिंपा, सगळी मेख याच क्रमात आहे.

दुसऱ्या वेळी मी मागचं सिमेंट पूर्ण खरवडलं, काच स्पिरिटने पुसली, आडव्या-उभ्या जाड रेघा मारून आणि कडेने अख्खी चौकट सिलिकॉनची भरून भिंत बसवली, टँक पाठीवर आडवा टाकून वर पुस्तकांचे गठ्ठे ठेवून चार दिवस हात लावला नाही. मग पुढून नवीन सिमेंट. पहिला हात ताकासारखा पातळ, म्हणजे भोकात उतरतो, पुढचे दोन भज्याच्या पिठासारखे, शेवटच्या हातात रेड ऑक्साईड, लाल कोब्याला घालतात तोच. रंग बाबांनी लावला, जुन्या टूथब्रशने. वरचे दोन थर काळपट, पाण्याच्या रेषेला हिरवट, खाली लाल. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस कोचावरची उशी जमिनीवर घेऊन चार तास टँकमध्ये डोकं घालून बसला होता.

पाणी कधी भरू म्हणून दादाला विचारलं. तो म्हणाला, आम्ही सात दिवसांत शटरिंग, म्हणजे काँक्रीटला आधार देणाऱ्या फळ्या, काढतो, तुझ्या लेपाला काय होतंय, भर. सात दिवसांनी भरलं, जुना चालता फिल्टर लावला, दोन दिवसांनी १२ टेट्रा सोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांतले ९ तळाशी होते. लाल-निळी पट्टी फिकी पडलेली, कल्ले उघडे. बाबा काही बोलले नाहीत, चहा तसाच ठेवून आत गेले.

आणि त्या गणपतीत आरती झाल्यावर सगळ्यांसमोर दादा म्हणाला, मी सांगत होतो, थर्माकोलने मारले, विषारी असतो तो, मामांनी उगाच जुना कचरा पाण्यात घातला. हे त्याने कधीच सांगितलं नव्हतं. आणि तो कचरा नव्हता, बाबांच्या मखराची शीटं होती.

मी तीन बालद्या घेतल्या. तिन्हींत एकाच नळाचं पाणी. एकीत नुसतं पाणी, दुसरीत त्याच शीटचा उघडा तुकडा, वर आईचा काळा वरवंटा ठेवून दाबलेला, तिसरीत सात दिवस जुनी सिमेंटची लादी, थाळीत ओतून केलेली. चार दिवसांनी पीएचच्या किटने तपासलं (पीएच म्हणजे पाणी आम्ल की अल्कधर्मी याचं माप, ७ म्हणजे मधोमध, त्याच्या वर अल्कधर्मी; किटचं औषध नळीतल्या पाण्यात टाकायचं आणि रंग तक्त्याशी जुळवायचा). पहिल्या दोन बालद्यांचा रंग एकसारखा, दोन नळ्या शेजारी धरल्या तर ओळखू येऊ नये. तिसरीचा रंग तक्त्यातल्या शेवटच्या चौकोनाच्याही पुढे गेलेला. सिमेंट पक्कं होताना त्यातून चुना सुटतो, तो पाण्यात विरघळतो, आणि चुन्याच्या निवळीचा पीएच बाराच्या वर असतो. निऑन टेट्राला हवं ६ ते ७. शिवाय पीएच चढला की माशांच्या घाणीतला निरुपद्रवी अमोनियमसुद्धा अमोनिया होतो, पीएच ९ ला त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त विषारी रूपात असतो, ७ ला एक टक्काही नसतो. म्हणजे मासे दोन बाजूंनी मारले गेले. सिमेंटची ताकद आणि सिमेंटचा चुना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लेप हातोडीने फुटत नाही म्हणून तो चुना सोडायचा थांबला असं होत नाही.

त्याच लादीचं पाणी मी दर दोन दिवसांनी बदलत राहिलो. चौथ्या आठवड्यात तिचा रंग साध्या पाण्याच्या बालदीशी जुळला. दादाला तिन्ही नळ्यांचे फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, किट चायनाचं असेल.

तर तुम्ही असं करा. नवीन थर्माकोल शोधत फिरू नका, फ्रिज-टीव्हीच्या पॅकिंगचा घट्ट दाण्याचा घ्या. कोरा, चिकटवा, सिलिकॉन घेताना ट्यूबवर अँटी-फंगल लिहिलेलं बाथरूमचं घेऊ नका, बुरशी मारायचं औषध माशांनाही मारतं. पांढरा सुतारी गम पाण्यात सुटतो, आणि पेट्रोलच्या वासाचा चिकटवायचा गोंद किंवा स्प्रे पेंट थर्माकोल खातो. सिमेंट ओलं असताना वर ओलं गोणपाट ठेवून पाणी मारत राहा, नाहीतर केसासारख्या भेगा पडतात. मग टँक भरा, दोन-तीन दिवसांनी रिकामा करा, पुन्हा भरा, असं महिनाभर. आमच्या सोसायटीत पाण्याची बोंब असते म्हणून ते पाणी मी गॅलरी आणि जिना धुवायला वापरलं, झाडांना घालू नका. एकदोनदा व्हिनेगर टाकलेल्या पाण्याने धुतलं तर थोडं लवकर होतं, पण ते फक्त वरवरचा चुना काढतं, त्यावर विसंबू नका. किती दिवस झाले ते मोजू नका, पाणी मोजा. टँकमध्ये चार दिवस मुरलेलं पाणी आणि बालदीत चार दिवस ठेवलेलं नळाचं पाणी, दोघांचा रंग सारखा आला की मासे सोडा. किट नाही म्हणून अंदाजाने सोडणार असाल तर खरंच पोस्टर लावा.

राहिलेल्या दोन-चार गोष्टी, ज्या वर लिहायच्या राहून गेल्या. भिंत आणि काच यांच्यामध्ये फट राहिली तर छोटे मासे मागे शिरतात आणि तिथेच मरतात, कडा पूर्ण भरा. हीटर भिंतीला टेकू देऊ नका. फिल्टरच्या पाइपासाठी एक कोपरा कोरतानाच मोकळा सोडा, नंतर कापावं लागलं तर उघडा थर्माकोल दिसतो आणि काही मासे तो टोचून टोचून दाणे काढतात. आतली जागा कमी होते, तीन फुटी टँक मागून दोन इंच गेला की एंजलना वळायला अडचण होते, आणि तसेही तुमचे एंजल मोठे झाले की निऑन खाणार आहेत, तो वेगळा विषय. मलावीचे सिक्लिड, म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले मासे, पाळणारे असाल तर थोडा चुना चालतो, त्यांचं पाणी मुळात पीएच ८ च्या आसपास असतं. आणि टँक भाड्याच्या घरातून हलवायचा असेल, दरवर्षी बदल हवा असेल, तर मागच्या काचेला बाहेरून काळा रंग मारा. स्वस्त, मासे उठून दिसतात, कुणी काही मरत नाही. पोस्टर लावायचंच तर समुद्राचं नको.

आमच्या टँकमध्ये आता चिऱ्यांच्या सांध्यात जावा मॉस, म्हणजे पाण्यातलं शेवाळ, धरलंय, विहिरीत नेचे धरायचे तसं. टेट्रा पुन्हा आणले, या वेळी अठरा. दिवळीत दोन कुली लोच, वामेसारखे लांबुडके छोटे मासे, राहतात, संध्याकाळी लाइट लावला की एकाचं तोंड बाहेर दिसतं आणि बाबा चहा घेऊन समोर बसलेले असतात. पाहुणे आले की ते वरून थर मोजून दाखवतात, तेराव्या थराशी कासव बसायचं म्हणतात.

दादा, तू इथे वाचतोस हे मला माहीत आहे. रविवारी ये. किट तुझ्या पसंतीच्या दुकानातून आण, आणि पाणी तूच मोज, बाबांच्या समोर.