नव्या कंडक्टरला
कंटाळा येणारच रे. स्वारगेट ते कात्रज, मग उलट; तेच सिग्नल, तीच सुट्ट्या पैशांची कटकट. पण ‘यात अर्थ काय’ याचं उत्तर घरी बसून सापडत नाही, ते गाडीतच शोध. पहाटेच्या फेरीला कोण चढतं बघ. मार्केट यार्डाला निघालेले हमाल, धुण्याभांड्याच्या मावश्या, रात्रपाळीने पेंगुळलेले वॉचमन. फेरी रद्द झाली की त्यांच्यातल्या कुणाचा तरी खाडा होतो.

थांबे मोठ्याने पुकार: पद्मावती, बालाजीनगर, भारती विद्यापीठ. मशीन बोलत असलं तरी. गावाकडून आलेली पोरं आणि ज्यांना दिसत नाही ते, दोघांनाही त्याचा आधार असतो. म्हाताऱ्या माणसाचा पाय जमिनीला टेकल्याशिवाय डबल बेल नको.

२००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एक होऊन आपली पीएमपीएमएल झाली. नाव, पाटी बदलली. गर्दी तीच राहिली.

आणि हो, पगारासाठी, सुट्टीसाठी भांडायचं तर बिनधास्त भांड. नुसत्या सेवेच्या गप्पांवर घर चालत नाही, हे वरचे साहेब सांगणार नाहीत. फक्त तो राग तिकिटाला हात पुढे करणाऱ्यावर काढू नकोस. उद्या माझ्याबरोबर पहिल्या गाडीला ये, चहा डेपोतच घेऊ.