पत्र्याखालचे ४८ अंश

प्रश्न : जालन्यातल्या आमच्या शाळेत सातवीची मुलं रोज तापमान आणि हवेतली धूळ मोजतात. दुपारी ४८ अंश येतं, पेपरात ४२. मुलं हिरमुसलीत.
– एक शिक्षिका

उत्तर : बाई, तापमापक कुठे टांगलाय? माझ्या शाळेत तो पत्र्याखाली होता; महिनाभर आम्ही पत्र्याची धगच वहीत उतरवली, त्याचं आजही वाईट वाटतं. जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, तिरक्या पट्ट्यांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवा, दार उत्तरेकडे. धुळीचं यंत्र दमट हवेत आकडा फुगवतं, शेजारी आर्द्रताही लिहा. पीएम २.५ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म धूलिकणांची, घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा २४ तासांच्या सरासरीची आहे, क्षणाच्या आकड्याशी ताडू नका. आणि जुनी पानं फाडू देऊ नका. समासात फक्त 'पत्र्याखाली' असं लिहायला सांगा.