लोकपाल नेमतं कोण?

प्रश्न : लोकपालाची नेमणूक सरकारच करतं, मग तो स्वतंत्र कसा? (एक वाचक, सातारा)

उत्तर : लोकपाल म्हणजे भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासणारी संस्था; तिचे अध्यक्ष आणि सदस्य निवडणाऱ्या समितीत पाच जण असतात: पंतप्रधान, लोकसभा अध्यक्ष, विरोधी पक्षनेता, सरन्यायाधीश किंवा त्यांनी सुचवलेले न्यायमूर्ती आणि एक नामवंत कायदेतज्ज्ञ. २०१४ नंतर विरोधी पक्षनेतेपद रिकामं राहिलं नि घोडं तिथेच अडलं. खरंतर समितीतली जागा रिकामी असली तरी नेमणूक वैध, हे कायद्यातच लिहिलंय! सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तेच सांगितलं. पहिले लोकपाल मात्र मार्च २०१९ मध्ये आले. आम्हाला जास्त खटकते ती कर्मचाऱ्यांची बाजू. सचिव, चौकशी संचालक आणि अभियोग संचालक (खटल्यांचं काम पाहणारे) यांना लोकपाल संस्थेचे अध्यक्षच नेमतात, पण केंद्र सरकारने पाठवलेल्या यादीतूनच.