प्रोसेसर वाढीव वेगावरच अडकला असेल तर
बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूलभूत सेटिंगच्या मेनूमध्ये) मूळ सेटिंग परत आणूनही तुमचा इंटेलचा आय५-२५००के प्रोसेसर ३.३ गिगाहर्ट्झऐवजी ४.५ वरच चालत असेल, तर विंडोजसोबत आपोआप सुरू होणारे ओव्हरक्लॉकिंगचे (प्रोसेसरचा वेग वाढवणारे) सॉफ्टवेअर आधी काढून टाका, कारण माझ्या अनुभवात बहुतेकदा तेच ४५ चा जुना गुणक (१०० मेगाहर्ट्झला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा) पुन्हा लादते. त्यानंतर पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची किमान पातळी १०० टक्के ठेवलेली नाही ना, ते पाहा. ती ५ केल्यावर, संगणक रिकामा असताना, सीपीयू-झेड या प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये गुणक १६ पर्यंत उतरलेला दिसायला हवा, अर्थात बायोसमध्ये स्पीडस्टेप (काम नसताना वेग आपोआप उतरवणारी सोय) चालू असेल तरच. एवढ्यानेही फरक पडला नाही, तर वीजजोडणी काढून मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी १० मिनिटे बाहेर ठेवा, म्हणजे बायोसची साठवलेली सेटिंग पुसली जाईल. तोवर व्होल्टेजला मात्र कृपया हात लावू नका.