हिकरी लाकडाच्या स्टिकनी खासगी, नैसर्गिक मैदानावर गोल्फ खेळताना काय बदलते?

सर्वांत मोठा बदल फटक्याच्या लयीत होतो. पोलादी दांड्यांना ‘आर अँड ए’ या नियामक संस्थेने १९२९ मध्ये मान्यता दिली. त्याआधी प्रचलित असलेल्या हिकरीच्या दांड्याला पोलादापेक्षा अधिक पीळ बसतो, त्यामुळे घाईने जोर लावल्यास स्टिकचे तोंड (चेंडूला लागणारी बाजू) वेळेवर सरळ होत नाही आणि चेंडू भरकटतो. फटका संथ आणि सलग ठेवावा, तसेच चेंडू मऊ निवडावा, कारण कठीण चेंडूच्या धक्क्याने जुने लाकूड तडकू शकते.

जमीन सपाट केलेली नसेल आणि गवत मेंढ्यांनी चरून खुरटे ठेवलेले असेल, तर चेंडू उंच उडवण्यापेक्षा उतारांचा अंदाज घेऊन तो जमिनीलगत घरंगळत नेणे अधिक भरवशाचे ठरते, आणि माझ्या मते या खेळाचा खरा आनंद त्या अंदाजातच आहे. टीऐवजी, म्हणजे चेंडू टेकवायच्या छोट्या खुंटीऐवजी, ओल्या वाळूची लहानशी ढेपही चालते.

होल, म्हणजे चेंडू घालायचे खड्डे, नेहमीप्रमाणे अठराच हवेत असे मुळीच नाही. १८६० ची पहिली ब्रिटिश ओपन गोल्फ स्पर्धा स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे १२ होलच्या मैदानावर झाली होती. उंचसखल जमिनीवर एकूण फटके मोजण्यापेक्षा होलनिहाय जय-पराजय ठरवावा.